जुळलेल्या हाडाचं दुखणं

माझ्या उजव्या पायाचं हाड मोडलं तेव्हा सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हाड जुळलं, आणि तिथून पुढे दोन वर्षं कोणी ठेवला नाही.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. बारा वर्षं नोकरी झाली होती. गाव हिवरखेड, तेल्हारा तालुका. बायको अर्चना आणि मुलगी स्वरा अमरावतीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. अर्चना तिथल्या एका खासगी शाळेत शिकवते. आई नाही. बाबा गावी शेती पाहतात. एवढीच आमची माणसं.

हे लिहायला बसलो, कारण मधल्या काळात मला फौजेतल्या तीन-चार जणांचे फोन आले. कोणाची पाठ, कोणाचा गुडघा. सगळे माझ्यासारखेच, वरून धडधाकट दिसणारे, आणि 'मला घरी सोडा' म्हणून हात जोडत फिरणारे. फोनवर सांगताना माझा आवाज मधेच जातो. लिहिताना निदान थांबता येतं.

फाळका

डोंगरातल्या पोस्टिंगवर एका सकाळी आम्ही रेशनचा ट्रक उतरवत होतो. मागचा लोखंडी फाळका खाली घेताना एका बाजूची कडी निसटली आणि तो फाळका माझ्या बुटावर आदळला. यात शत्रू नव्हता, गोळी नव्हती. पिठाची पोती होती. नंतर गावात कोणी विचारलं की मला हे सांगायची लाज वाटायची.

सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढलं त्या दिवशी पाय जांभळा होता आणि घामाने ओला. वाटलं, बंद होता म्हणून असेल. मोजा चढवला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. उकळतं पाणी ओतल्यासारखी आग. मोजा काढला तरी ती आग पाऊण तास गेली नाही.

युनिटच्या दवाखान्यात नवीन एक्स-रे काढला. तो स्वच्छ होता. "हड्डी एकदम ठीक है," तिथला हवालदार म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. हाड ठीकच होतं. मी आठवड्याने पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथूनही परत आलो. हलकी ड्यूटी मिळाली. हळूहळू सकाळी आजारी लोकांच्या रांगेत मी उभा राहिलो की पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. एकदा माझ्याच गाडीवरचा जोडीदार म्हणाला, "गजानन, सच बता, घर की याद आती है ना?" त्याने चेष्टेत विचारलं होतं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

फौजेत बुटाशिवाय माणूस नाही. मला बूट घालता येत नव्हता. सगळं दुखणं एवढ्या दोन वाक्यांत मावत होतं, आणि ते कोणाला पटवून देता येत नव्हतं.

कूलर

दुसरं वर्ष संपता संपता मला आजारपणाची सुट्टी मिळाली आणि मी ऐन मे महिन्यात अमरावतीला आलो. वऱ्हाडातला मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आमच्याकडे एक कूलर, तो समोरच्या खोलीत.

कूलरचा वारा पायाला लागला की सुया टोचायच्या. पायावर पांघरूण घ्यावं तर त्याचं ओझं सहन होत नव्हतं. म्हणून त्या दोघी कूलरसमोर आणि मी स्वयंपाकघरात, दार लावून, फरशीवर. अर्चनाने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कूलरच बंद केला. "आमाले काई होत नाई," म्हणाली. स्वराच्या मानेवर घामोळं उठलं होतं. मी म्हणालो, चालू कर. ती म्हणाली, राहू द्या. त्यावरून आम्ही भांडलो. माझ्या पायावरून सुरू झालेलं भांडण तिच्या माहेरापर्यंत, चांदूर रेल्वेपर्यंत गेलं. लग्नाच्या नऊ वर्षांत आम्ही असे भांडलो नव्हतो.

आणि त्याच आठवड्यात मी स्वराला मारलं. ती सात वर्षांची. खेळता खेळता माझ्या बाजूने पळत गेली आणि तिच्या फ्रॉकची कड पायाला घासली. एवढंच. मी आंधळा झालो आणि हात उचलला. ती रडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्या पायाकडे बघत राहिली, मारणारा मी नसून तो पाय होता जणू.

अर्चना शाळेच्या उन्हाळी वर्गावरून आली. स्वराने तिला सांगितलं असणार.  भाकरी टाकून झाल्यावर म्हणाली, "परवा अकोल्याले जाऊ. मी शाळेतून सुट्टी काढली. तथी एक डॉक्टर हायेत, दुखण्याचेच डॉक्टर म्हणतेत त्याइले."

"पुन्हा एक्स-रे काढतीन."

"काढू द्या."

नाव असलेला दिवस

अकोल्याच्या त्या डॉक्टरांचं वय सत्तरीच्या आसपास असेल. मी फाळक्याची हकीकत सांगितली आणि एक्स-रेचं पाकीट पुढे केलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि मला दोन्ही पाय सोडून बसायला सांगितलं. बराच वेळ ते नुसते बघत होते. मग अर्चनाला जवळ बोलावलं.

"ताई, तुम्हीही बघा. या पायाचे केस विरळ झालेत. नखं जाड झालीत. रंग वेगळा आहे. हा पाय थंड आहे, तो गरम."

दोन वर्षं मी पाय रोज बघत होतो. दोन पाय शेजारी ठेवून कोणी बघितले नव्हते, मीही नाही.

त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा पायावरून फिरवला. मी ओरडलो. ते म्हणाले, "पुरे. पुन्हा नाही करणार." आणि खरंच केलं नाही.

"हाडाचं काम संपलं," ते म्हणाले. "नसांना मात्र अजून वाटतंय की तो फाळका पायावरच आहे. त्या रोज तीच बातमी वर पाठवतात. या आजाराला नाव आहे. मोठं आहे, चिठ्ठीवर लिहून देतो."

"म्हणजे मी नाटक करत नाही?"

हे मी विचारलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं ते मला माहीत नाही. दोन वर्षं लोकांचं ऐकून मलाच शंका यायला लागली होती. डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाटकाने नखं जाड होत नाहीत," म्हणाले.

मी रडलो. डॉक्टरांसमोर, बायकोसमोर. मग विचारलं, बरं होईल का. त्यांनी खोटं सांगितलं नाही. काहींचं बरं होतं, तुम्हाला उशीर झालाय, कमी होईल, पण पूर्वीसारखा होईल असं वचन मी देत नाही. आणि बूट? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर रसवंतीवर आम्ही बसलो. अर्चना ती चिठ्ठी उघडायची, वाचायची, घडी करायची, पुन्हा उघडायची. "आता त मानतीन ना," म्हणाली.

"अर्चना, मले सोडायचं हाय. फौज."

तिने ग्लास खाली ठेवला. तिला पगार दिसला असेल, स्वराची शाळा दिसली असेल. ती एवढंच म्हणाली, "बाबाइले कोण सांगन?"

अर्ज

सोडायचं म्हटलं म्हणून सोडता येत नाही. पातूरला दादाराव नावाचे एक निवृत्त सुभेदार आहेत. माझ्यासारख्यांचे कागद ते बघून देतात. त्यांच्या अंगणात खाटेवर बसून मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "साहेब, सुट्टी संपली तरी मी परत जात नाई. काय करायचं ते करू द्या."

ते शांतपणे म्हणाले, "एक दिवस जरी जास्त रायला त दुखणं बाजूले रायते आन फरार म्हणून नाव लागते. मंग तुह्या पायाकडे कोणी पाहत नाई. रडत जाय, पण तारखेले हजर होय."

मग त्यांनी मला समजावलं. हलक्या कामावर ठेवतो, बसून काम देतो असं युनिट म्हणेल. ते काम मला का जमत नाही, हे मी नीट मांडायचं. 'नोकरी नको' असं लिहायचं नाही. कोणत्या तारखेला काय झालं, किती वेळ उभं राहता येतं, बूट किती मिनिटं घालता येतो, हे लिहायचं. प्रत्येक चिठ्ठीची नक्कल जवळ ठेवायची. आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही, समोर कितीही मोठा साहेब असला तरी. तुम्ही या वाटेवर असाल तर दादारावांचं हे बोलणं माझ्याकडून घेऊन जा.

त्यांनी माझा अर्ज पाच वेळा लिहून घेतला. पहिल्या अर्जात मी 'कृपा करून' सात वेळा लिहिलं होतं. त्यांनी सहा खोडले.

हिवरखेड

बाबांना मी गावी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला बसले.

"एका पायाले लागलं म्हणून कोणी फौज सोडते काय?"

"बाबा, डॉक्टरनं लिहून देल्लं."

"मले नको दाखू कागद. गावात लोकं काय म्हणून रायले मालूम हाय तुले?"

"काय?"

"का सखारामचं पोट्टं भेलं आन पयून आलं." मग अडकित्ता खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरं सांग. भेला काय तू?"

 मी भ्यालो होतोच. सकाळच्या बुटाला भ्यालो होतो. ते त्यांना कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेतात होतो. शेणखत पसरायचं काम चालू होतं. बाबा ट्रॅक्टरवर आणि मी मागे उभा राहून ट्रॉली कुठवर घ्यायची ते सांगत होतो. ट्रॅक्टर मागे येत होता. चाकाखाली ढेकळं फुटत होती. मी त्या चाकाकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. हे चाक पायावरून गेलं तर उद्याच्या एक्स-रेत दिसेल. मग कोणी विचारणार नाही.

मी उजवा पाय पुढे ठेवला.

हे मी आजपर्यंत चार माणसांना सांगितलं आहे. तुम्ही पाचवे.

बाबा मान वळवून बघतच गाडी मागे घेत होते. त्यांनी पाहिलं. ट्रॅक्टर थांबला तेव्हा चाक वीतभर अंतरावर होतं. ते खाली उतरले. मला वाटलं, शिव्या देतील. ते माझ्याजवळ येऊन ढेकळांतच बसले.

"गजू, पाय तथी कसा गेला?"

"ठेवला."

"काहून?"

"दिसीन म्हणून."

त्यांनी हात पुढे केला पायाला लावायला, आणि मधेच थांबवला. "हात लावला त दुखते?"

"हो."

त्यांनी तो हात पायाच्या बाजूला, मातीवर टेकवला आणि तसाच राहू दिला. आम्ही दोघं तिथे किती वेळ होतो ते आठवत नाही. ट्रॅक्टर चालूच होता. डिझेल जळत होतं, आणि डिझेल वाया गेलेलं बाबांना एरवी खपत नाही.

त्याच संध्याकाळी मी परत निघालो, पण त्यांनी मला एकट्याला बसमध्ये बसू दिलं नाही. स्वतः अमरावतीपर्यंत सोबत आले आणि अर्चनाला माझ्यासमोर सगळं सांगितलं.  तिने लगेच अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तिथल्याच एका मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी गेलो. गोळ्या घेतल्या, आजही एक चालू आहे. असा विचार ज्याच्या मनात येईल त्याने तो त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगावा. मी सांगितला नव्हता. बाबांना तो दिसला, म्हणून वाचलो.

वॉर्ड

तारखेला हजर झालो. अर्ज दिला. मला फौजेच्या रुग्णालयात दाखल केलं, आणि मग फक्त वाट बघणं. साडेपाचला चहा. सहाला चादरीच्या घड्या, कोपरे सरळ. नऊला डॉक्टरांची फेरी, त्यात माझ्या वाट्याला अर्धं मिनिट. मग दिवसभर छताचा पंखा. बोर्ड म्हणजे डॉक्टरांची समिती, ती सोडायचं की नाही ते ठरवते. माझं बोर्ड दोन वेळा पुढे गेलं. एकदा कागद अपुरे म्हणून, एकदा साहेब सुट्टीवर म्हणून.

शेजारच्या खाटेवरच्या पोराचा हात कोपरापासून गेला होता. त्याच्यापुढे मला माझ्या दोन धड पायांची शरम वाटायची. एकदा मी त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, "भाई, मेरा सबको दिखता है. तेरे को समझाना पड़ता है." आणि डाव्या हाताने संत्रं सोलायच्या खटपटीला लागला. मी ते घेऊन सोलून दिलं.

तिथला एक नर्सिंगचा मुलगा केरळचा होता. थंडी सुरू झाली तेव्हा त्याने औषधांचा रिकामा खोका आणला, दोन बाजू कापल्या आणि माझ्या पायावर उपडा घातला. वरून कांबळं टाकलं. कांबळ्याचा स्पर्श नाही आणि ऊब मात्र आहे. अडीच वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. घरी गेल्यावर मी दहा-बारा खोके असे कापले असतील.

बाबांचा रोज सकाळी फोन यायचा. आयुष्यात त्यांनी मला कधी कारणाशिवाय फोन केला नव्हता. "चहा झाला काय?" एवढंच विचारायचे, आणि ठेवायचे.

बोर्ड

बोर्डाच्या दिवशी सकाळी उठलो आणि पाय शांत होता.

तुम्हाला यातली भीती कळेल की नाही, माहीत नाही. अडीच वर्षं मी अशा एका सकाळसाठी देवाला हात जोडले होते, आणि ती नेमकी त्या दिवशी आली. पाय दुखत नव्हता असं नाही, पण आग नव्हती. मी पाय फरशीवर आपटून बघितला, जागा होईल म्हणून. मग न्हाणीघरात जाऊन लंगडण्याचा सराव केला. हो, केला. लोकांनी नाटकी ठरवलं म्हणून ज्याने अन्न सोडलं होतं, तो आरशासमोर नाटक बसवत होता.

खोलीत तिघं होते. मधोमध एक वयस्क बाई, त्या प्रमुख. मी दारातून टेबलापर्यंत लंगडत गेलो, दर पावलाला खुर्च्या धरत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"वापस जाओ," त्या म्हणाल्या. "फिर से चलकर आओ. जितना है, उतना ही दिखाओ."

 वाटलं, संपलं सगळं. मी दारापर्यंत परत गेलो आणि जसा होतो तसा चालत आलो. थोडासाच लंगडत.

"आज कैसा है?"

खोटं बोलायची शेवटची संधी होती. "आज कम है, मॅडम," मी म्हणालो. "कल बहुत था. कल मैं रोया हूँ. आज क्यों कम है, मुझे नहीं पता."

त्यांनी मला बसवलं. दोन्ही पाय शेजारी ठेवायला सांगितले. वाकून, जमिनीवर एक गुडघा टेकवून त्यांनी बघितलं. हाताची पाठ आधी डाव्या पायाजवळ धरली, मग उजव्या, स्पर्श न करता. अकोल्याची चिठ्ठी वाचली, मनाच्या डॉक्टरांचीही वाचली. दुसऱ्या साहेबांनी विचारलं की ऑफिसात बसून काम का नाही करणार. मी अर्जातलंच सांगितलं, बूट चार मिनिटं, उभं राहणं दहा मिनिटं. मॅडम लिहीत होत्या. लिहून झाल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "पहले चक्कर में डर गए थे?"

"जी."

"डरने वाले बहुत आते हैं," त्या म्हणाल्या. "जाओ, आराम करो."

खाटेवर परत आलो आणि तासाभरात पाय असा पेटला की उशी तोंडात धरावी लागली.

नंतर

मला सोडल्याचा हुकूम पुढे काही आठवड्यांनी आला. सामान जमा करायला गेलो. स्टोअरच्या क्लार्कने माझे बूट उलटे करून तळवे बघितले. "ये तो नये हैं," म्हणाला, आणि वहीत खूण केली. बारा वर्षांच्या नोकरीतलं ते शेवटचं बोलणं.

अपंगत्व किती धरायचं आणि ते नोकरीमुळेच का, यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे. दुखणंही चालू आहे. अकोल्याच्या डॉक्टरांचे व्यायाम करतो, कापूस, मग मऊ फडकं, मग जरा खरबरीत. आता मला मऊ चप्पल तासभर चालते. ड्रायव्हर होतो, पण उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबता येत नाही. अमरावतीत एका शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावायचं काम मिळालं आहे, बसून. चिडचिड होते. कधी कधी अर्चना दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. बरा झालो असं मी म्हणणार नाही.

सुटून आल्यावर पहिल्यांदा गावी गेलो त्या दिवसाचं सांगतो. बाबा एसटी स्टँडवर घ्यायला आले होते. चहाच्या टपरीपुढच्या बाकावर गावातले दोघं-तिघं बसले होते. त्यातल्या एकाने माझ्यादेखत विचारलं, "काहून सखाराम, पोरानं नौकरी सोडली म्हणतेत?"

मी जमिनीकडे बघितलं. बाबा काहीतरी मोठं सांगतील असं वाटलं. गोळी लागली म्हणतील, दरीत पडला म्हणतील. त्यांना गावात मान आहे, त्यांनी सांगितलं असतं तर लोकांनी मानलंही असतं.

"पाय दुखते त्याचा," बाबा म्हणाले. "लय दुखते. सरक जरा, त्याले बसू दे."